स्ट्रॉबेरीच्या बागेतला आदाम
साताऱ्याच्या कोर्टाबाहेर स्ट्रॉबेरीची गाडी लागली की तो वास मला महाबळेश्वरच्या आमच्या शेतातल्या शेडमध्ये नेतो. तेव्हा मी वकिलीचं शिकत होतो, सुट्टीला घरी आलो होतो. थंडीनं बोटं आखडलेल्या बाया स्ट्रॉबेरीच्या डब्या भरत होत्या आणि मी मोठा शहाणा, त्यांना कॉलेजात ऐकलेलं सांगत होतो, की बायबलातल्या देवाला आदामानं फळ खाल्ल्याचं ठाऊक होतं, तरी बागेतून हाकलण्याआधी त्यानं त्याला 'ते फळ खाल्लंस का?' असं विचारलं. आरोपीचं आधी ऐकून घ्यावं, हे पटवताना न्यायाधीश अजून तीच गोष्ट सांगतात. तेवढ्यात वडील आले आणि एका बाईच्या पिशवीत त्यांना भरलेली डबी दिसली. "उद्यापास्नं कामाला येऊ नगंस." ती बोलायला गेली, तर "गप ऱ्हा!" म्हणून ओरडले. तिनं माझ्याकडं बघितलं. "दादा, त्या देवानं तरी इचारलं हुतं न्हवं?" सगळ्या बायांचे हात थांबले. मी मान खाली घातली आणि समोरच्या डबीचं झाकण लावत बसलो. आता समोरच्याला बोलू न देता कुणी निकाल दिला की मी कोर्टात तावातावानं भांडतो. पण ती डबी तिच्या पिशवीत कशी आली, ते मला आजही माहीत नाही.