मुंबईच्या बाईकडे आमची शिकवणी

माझी बायको मागच्या उन्हाळ्यात गेली. लोक भेटायला येतात, खाली मान घालून म्हणतात, फार शांत बाई होती हो. खोटं बोलतात. शांत ती एक दिवस नव्हती. मेल्यावर माणसाला असं गुळगुळीत करून टाकलेलं मला आवडत नाही, म्हणून तिची एक खरी गोष्ट लिहायला बसलो आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. चुका सापडतील, त्या चालवून घ्या.

मी न्हावी. प्रताप नगर नवीन वसत होतं, अर्धे प्लॉट रिकामे होते, तेव्हा तिथे माझं दुकान होतं. एक खोली, दोन खुर्च्या, मागे सामान ठेवायची थोडी जागा. बायको खापा गावची. मोहल्ल्यात लग्न असलं की नवरीचा खोपा तिनेच घालायचा, दुसरीच्या हाताचा कोणाला पसंत पडत नसे. पण तिचं मन खोप्यात नव्हतं. तिला केस कापायला शिकायचं होतं. नोकरीवाल्या बाया, कॉलेजच्या पोरी तेव्हा केस कापू लागल्या होत्या आणि त्यासाठी पार धरमपेठेत जात होत्या. पुरुषांच्या दुकानात कोणती बाई येऊन बसणार? बायकोचं म्हणणं, मागच्या जागेला पडदा लावू, तिथे बायांचे केस मी कापते.

मी म्हणालो, मी शिकवतो तुला. वीस वर्षांपासून कात्री चालवतो आहे. शेजारणीच्या पोरीला बसवलं, मी सांगितलं तसं बायकोने कापलं. ती पोर पुढचे आठ दिवस डोक्याला रुमाल बांधून फिरली. तिच्या आईने आमच्याशी बोलणं सोडलं.

"तुमाले मानसाइचे केस येते," बायको म्हणाली. "बाईच्या केसाचं तुमाले काहीच समजत नाई."

इतवारी बाजारातल्या एका कापडवाल्या शेठने आमच्या बाजूला घर बांधलं होतं. तो माझ्याकडे दाढीला यायचा. दसऱ्याच्या आधी त्याने बर्डीवरच्या एका हॉलमध्ये फॅशन शो ठेवला. साड्या आणि सुटाचं कापड. कॉलेजची पोरं-पोरी ते घालून स्टेजवर चालणार. पोरींचे केस करायला मुंबईची एक बाई येणार होती आणि मेकअप करायला एक माणूस. पोरांच्या कटिंग-दाढीला त्याने मला सांगितलं. शो दुपारी चारला, मुंबईवाले संध्याकाळच्या गाडीने परत.

मी हत्यारांची धोकटी सायकलच्या हँडलला अडकवली तर बायको आधीच कॅरिअरवर बसून राहिली होती.

"तू काय करशील वं तिथं?"

"पाहीन. डोये हायेत ना मले."

मुंबईची बाई पन्नाशीची होती. आखूड केस, नाकावर चष्मा, तोंडात सुपारी. बायको सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. ना ओळख, ना पाळख.

"बाई, मले केस कापाले शिकवा."

"आत्ता? सात डोकी आहेत माझ्यापुढे."

"आता नाई. तुमचं झाल्यावर. तोवर मी पिना धरते."

बाईने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "दिवसभर माझ्या हाताखाली राहा. काम बिघडलं नाही तर गाडीच्या आधी एक कट शिकवीन. बिघडलं तर रामराम."

बायकोने मान हलवली आणि पिनांचा डबा उचलला.

माझ्या वाट्याची पोरं अकरापर्यंत उरकली. मग मीही स्टूल ओढून पाहत बसलो. खरं सांगतो, मला वाटलं होतं ही बाई नुसता मुंबईचा तोरा मिरवत असेल. पण ती एका डोक्याचे आधी चार भाग करायची, फणीच्या बारीक दांडीने भांग असा सरळ ओढायची की सुतारानेही दोरी लावून पाहावं. जे काम चाललं आहे तेवढेच केस मोकळे, बाकीचे चिमट्यात बंद. मी आजवर सगळं डोकं एकदम अंगावर घेत होतो.

मेकअपवाला तर तोंडाने गात-गात काम करायचा. तो पोरीच्या तोंडाचा रंग हातावर लावून बघायचा नाही, जबड्याखाली लावायचा. का, तर तोंड आणि मान तिथेच भेटतात. आणि स्टेजवर जसा पिवळा बल्ब होता तसाच बल्ब त्याने आरशावर लावून घेतला होता.

"खिडकीच्या उजेडात रंगवलं तर फक्त खिडकीत चांगलं दिसतं, मामा," तो मला म्हणाला.

मी इतकी वर्षं नवरदेवांना पावडर फासली. सगळ्यांचं तोंड एका गावचं आणि मान दुसऱ्या गावची. ते आठवून मला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली.

आता माझी चूक. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण आमच्याच लोकांवर केलेली आहे आणि ती खोटी नाही. दोन वाजले होते. बाई जेवायला गेली, बायको तिच्यासाठी गजरे आणायला बाजारात गेली. शेवटची साडी नेसून जी पोरगी चालणार होती, उंच, कमरेपर्यंत केस, ती खुर्चीत डोकं धरून बसली होती. तिच्या डोक्यावर सकाळपासून पिना लावून-काढून नमुने करून पाहिले होते.

"काका, डोकं फुटून राहिलं माझं," ती म्हणाली.

डोकं दुखणाऱ्या माणसाला न्हावी काय करतो? धोकटीतून खोबरेलाची बाटली काढली आणि चंपी सुरू केली. चांगली अर्धी बाटली जिरवली. पोरगी दोन मिनिटांत झोपली. मला वाटलं, वा, आपण कामी आलो.

बाई परत आली आणि दारातच थांबली. ती ओरडली नाही. हळूच विचारलं, "हे काय आहे?"

"चंपी," मी म्हणालो.

"मला हिचे केस फुगवून वर बांधायचे होते. तेलाचे केस फुगत नाहीत. धुवायला पाऊण तास, वाळवायला एक तास. शोला दीड तास आहे आणि चार डोकी बाकी." तेवढ्यात बायको गजरे घेऊन आत आली. बाई तिला म्हणाली, "तुमच्या मालकांना घ्या आणि घरी जा."

बायकोने पोरीच्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तेल काहून लावलं तुमी?"

"तिचं डोकं दुखून राहिलं होतं."

"डोकं सगळ्याइचंच दुखते. म्हनून बाटली उलटी करता का?"

तिचं शिकणं माझ्या हाताने गेलं होतं. तिने गजरे टेबलावर ठेवले. मला वाटलं, आता ही चप्पल घालणार. पण ती पोरीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिचे केस हातावर तोलले, भाजी तोलतात तसे.

"बाई, तेल हाये तर खोपाच घालाचा. कोरड्या केसाचा खोपा सुटते."

"पिना राहतील त्यात?"

"पिना लागतच नाई. त्या पिनाइनंच तर पोरीचं डोकं उठवलं."

मग तिने एक गोष्ट केली, जी मी लग्नानंतर कधी पाहिली नव्हती. दारात भाजीवाला आला तरी मोकळ्या केसांनी बाहेर न जाणारी माझी बायको, तिने त्या सगळ्या लोकांत आपला अंबाडा सोडला आणि त्यातली आगवळ ओढून काढली. आगवळ म्हणजे केस बांधायची काळ्या लोकरीची दोरी, तिने स्वतः वळलेली. स्वतःच्या केसांना तिने नुसती गाठ मारली. पोरीचा मधोमध भांग पाडला, केस मानेवर घट्ट धरले, पिळले, तीन वेढे दिले, शेवटची बट खालून आत खुपसली, वरून आगवळ फिरवली आणि टोकं लपवली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"मान हलव," बाई पोरीला म्हणाली. पोरीने हलवली. "जोरात." पोरीने घोडीसारखी मान झटकली. खोपा जागचा हलला नाही. तेलाने तो असा चमकत होता की मेकअपवाल्याचं गाणं थांबलं.

बाईने चष्मा पुसला. "सोडा तो. आणि परत करा, हळू."

"टाइम नाई बाई."

"तेवढा आहे."

बायकोने परत केला. तिसऱ्यांदा बाईने स्वतःच्या हाताने घातला, आणि आमच्या बायकोने मुंबईच्या त्या बाईच्या मनगटावर चापट मारली. "आगवळ अशी ढिली नोका सोडू. पोरगी स्टेजवर चालंल का खोपा धरंल?" मी डोळेच मिटले. पण बाई हसली.

शोबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पोरं लाजत चालली, पोरी ठसक्यात चालल्या. उंच पोरगी शेवटी आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठ आपल्या साडीचा पदर नीट दिसतो की नाही तेच बघत होता.

शो संपल्यावर बाई सामान भरू लागली. बायको तिथेच उभी.

"बाई, काम बिघडलं का?"

"बिघडवलं तुमच्या मालकांनी. तुम्ही नाही."

"मंग शिकवा."

बाईने घड्याळ पाहिलं. "शिकवते. डोकं कुठे आहे?"

पोरी सगळ्या पळाल्या होत्या. दोघी बाया वळल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. तेव्हा पुरुषांत लांब केसांची फॅशन होती आणि गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून मीही कॉलरवर रुळतील एवढे ठेवले होते. रोज दोनदा विंचरायचो.

"हे पुरुष आहेत," बाई म्हणाली.

"केसाले काय समजते?" बायको म्हणाली, आणि मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

स्टेप कट शिकवते म्हणाली आणि बाईने माझे केस ओले केले, चार भाग केले. "बट दोन बोटांत धरायची, डोक्यापासून सरळ बाहेर ओढायची आणि बोटांच्या वर कापायची. पहिली बट म्हणजे माप. पुढची प्रत्येक त्या मापाला लावून." मी आरशात बघत होतो आणि शेजारणीच्या पोरीचं डोकं माझ्या डोळ्यांपुढे आलं. आम्ही तिचे केस लोंबत होते तसेच कापले होते. वीस वर्षांत मला कोणी हे सांगितलं नव्हतं.

एक बाजू बाईने केली, दुसरी बायकोने. मग बाईने दोन्हीकडच्या बटा ओढून माझ्या हनुवटीखाली जुळवल्या. "अर्ध्या बोटाचा फरक आहे."

"डोकंच वाकडं हाये त्याइचं," बायको म्हणाली. पण तिने परत ओले केले आणि फरक काढला.

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं आणि उभं राहिलं. "का गा, घरी भांडण झालं का?"

"स्टेप कट हाये," मी म्हणालो. तो दाढी होईपर्यंत हसत होता, वस्तरा लागेल म्हणून मला सारखं थांबावं लागलं. तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी समोर राहणारी मास्तरीणबाई रस्त्यातच थांबली. ती रोज मला पाठीमागून बघत होती म्हणे. "हे कोणी कापले?" तिने विचारलं. मी मागच्या जागेकडे बोट दाखवलं. बायकोने चादरीचा पडदा आधीच लावून ठेवला होता. मास्तरीणबाई त्याच्या आत जाऊन बसली.

मी फण्या द्यायला आत गेलो तर बायको म्हणाली, "तुमी बाहेर बसा." माझ्याच दुकानात मी गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसलो. आतून कात्रीचा आवाज येत होता, थोडा, मग थांबलेला, मग परत थोडा.

"आत कोण हाय गा?" बाकड्यावरच्या एकाने विचारलं.

"बायको कापून राहिली. वेळ लागंल."

मास्तरीणबाई बाहेर उन्हात आली, मान इकडून तिकडे फिरवली आणि हसत घरी गेली. मी आतल्या दारात उभं राहून तिला मागून नीट पाहिलं. खोट काढायचीच म्हणून पाहिलं. काही सापडलं नाही.

"कसं झालं?" बायकोने पडद्याआडून विचारलं.

"ठीक."

"ठीक म्हंजे?"

"म्हंजे मले असं आलं नसतं."

हे मी तिला तोंडावर आयुष्यात तेवढं एकदाच म्हणालो. त्याचं आता वाईट वाटतं. तिला मात्र तेव्हा काहीच वाटलं नाही. खाली पडलेले केस ती झाडूने गोळा करत होती.

"मालूम हाये मले," ती म्हणाली. "दार अडवून नोका उभे राहू. दुसरी बाई येऊन राहिली."