सासूबाईंचं घाणेरडं फूल

पावसाळा सरत आला की आमच्या उंद्रीच्या घरी येणारा माणूस आधी मेलेला उंदीर शोधायचा. त्याच वेळी माझ्या सासूबाई, कमलाबाई, ओसरीतल्या कुंडीवर ओणव्या होऊन, डोळे मिटून दीर्घ श्वास घेत असायच्या. वास त्या कुंडीतल्या फुलाचाच होता. तळहाताएवढी, केसाळ, मातकट रंगाची चांदणी. माश्यांना ते खरंच सडकं मांस वाटायचं. त्या त्यात अंडी घालून जायच्या.

सासूबाईंच्या शेगावच्या बहिणीनं त्यांना या झाडाचा एक तुकडा दिला होता. पानं नाहीत, नुसती चौकोनी, मांसल बोटं. नर्सरीवाला त्याला स्टॅपेलिया म्हणायचा, सासूबाई चांदणी. तो तुकडा त्यांनी आधी सावलीत सुकवला, मग वाळू आणि विटांच्या चुऱ्यात लावला. एकदा मला दया आली म्हणून मी तांब्याभर पाणी घालायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "तिले पानी नको पाजू वं. उपाशी ठेवली का जगते, पाजली का सडते."

त्यांच्या या वेडाला कारण नव्हतं असं नाही. कोरोनात सासूबाईंना वास यायचा थांबला तो थांबलाच. वरण करपलं तरी त्यांना कळायचं नाही. एकदा गॅस सुरूच राहिला आणि आम्ही थोडक्यात वाचलो. जेवण माती लागतं म्हणून त्या ताटावरून उठायच्या. मग चांदणी पहिल्यांदा फुलली. आम्ही नाक धरून पलंगाखाली उंदीर शोधत होतो आणि सासूबाई ओसरीत बसून रडत होत्या. "मले वास येऊन राह्यला," एवढंच म्हणत होत्या. पुढेही त्यांना तेवढाच एक वास आला. मोगरा नाही, फोडणी नाही. पण कारण कळलं म्हणून घाण कमी होत नाही, ही आमची अडचण.

माझी नणंद शीतल, तिला बघायला मेहकरहून पाहुणे येणार होते आणि नेमकी त्याच सकाळी दोन फुलं उमलली. कुंडी दुपारपुरती गच्चीवर नेऊ, म्हणून शीतलनं विनवण्या केल्या, माझ्या नवऱ्यानं आवाज चढवला. हलवली की कळ्या गळतात, यापलीकडे सासूबाई काही बोलल्या नाहीत. मी अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला, तर चंदनात मिसळून तो वास आणखीच भयंकर झाला. पोहे समोर आले आणि मुलाच्या काकांनी रुमाल नाकाला लावला. गटार तुंबलंय, असं मी सांगणार, तोच सासूबाईंनी त्यांना कुंडीपाशी नेलं, सगळी हकिकत ऐकवली आणि वर हुंगून बघायचा आग्रह केला.

नकार आला. घरात स्वच्छता नाही, म्हणे. मी चिडून विचारलं, पोरीपेक्षा कुंडी मोठी झाली का? त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमाले सारा बजार हुंगाले हाय. माह्यापाशी एवढंच हाय."

शीतलनं खामगावला नोकरी धरली, लग्नही तिथंच स्वतः जमवलं. आईशी फोनवर कामापुरतं बोलायची. ती राहायला आली ती सासूबाईंच्या शेवटच्या आजारातच. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या आणि ओसरीत फूल उमललं होतं. शीतलनं नाकाला ओढणी गुंडाळली, कुरकुरत कुंडी उचलली आणि उशाशी आणून आदळली.

"घे, हुंग तुही लाडकी."

सासूबाईंनी मान वळवून श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. मला दारात उभ्या उभ्या उमासे येत होते.

"नाही वं," त्या म्हणाल्या. "काहीच नाही येत."

शीतलनं नाकावरची ओढणी सोडली. मग ती उघड्या नाकानं फुलावर वाकली.

"मलेही नाही येत, आई," ती म्हणाली. "कवळं हाय अजून."