खंडोबाच्या नावाचा एडका

गिरजामायची भेटण्याची रीत न्यारी होती. नमस्कार-चमत्कार नंतर, आधी ती समोरच्याची पाठ चाचपायची. मेंढरांची तर चाचपायचीच; पण आर्वीला एका लग्नात तिनं आशीर्वाद देता देता नवरदेवाच्याही पाठीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पोरगं गुनी हाये डाक्टर, पन पाठीवर मांस नाई." नवरदेव तलाठी होता. मी हसू दाबत जेवायला पळालो.

मी डॉक्टर नाही. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे, हे गिरजामायच्या गावाला सांगून सांगून मी थकलो. लसीकरणाला गेलो की गिरजामायच्या अंगणात चहा ठरलेला, आणि चहाबरोबर तिची कटकटही ठरलेली. ती विधवा. कळप तिचा आणि दीर नामदेवराव यांचा सामाईक. नामदेवराव मेंढरं चारायला न्यायचे, शेताशेतांतून खतासाठी बसवायचे. घरी कोकरं सांभाळायची ती गिरजामायनं. कोणतं कोकरू किती दूध ओढतं, कोणतं कोणाला ढुशी मारून पुढे घुसतं, सगळं तिला पाठ. पण विकायचं काय आणि ठेवायचं काय, हे मात्र नामदेवराव ठरवणार.

आणि ते काय ठरवायचे, ते ऐकून माझं डोकं उठायचं. व्यापारी दारात आला की कळपातला सगळ्यात भरदार नर पहिला जायचा. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी एखादा मरतुकडा उरायचा, कारण त्याला कोणी घेतच नसे. तोच पुढच्या वर्षी एडका म्हणून कळपात फिरायचा आणि शंभर पोरांचा बाप व्हायचा. पोरंही बापासारखीच. "मेंढ्या वजनच धरत नाहीत, टॉनिक द्या," असं नामदेवराव मला वर तोंड करून म्हणायचे. मी फळ्यावर शिकवावं तसं त्यांना समजावून सांगितलं, की अर्धा कळप म्हणजे हा एक एडका. मान डोलावली त्यांनी. पुढच्याच बाजाराला सगळ्यात मोठा नर विकला.

गिरजामाय म्हणायची, "ज्याले खाटकानं नाई घेतलं डाक्टर, त्याले आमी जावई केलं. सांगा आता, लेकी सुखात राह्यतीन काय?"

मग एका वर्षी तिला मनासारखा एक नर सापडला. काळा, कपाळावर पांढरा ठिपका, जुळ्यातला असूनही इतरांपेक्षा दांडगा. व्यापारी येणार त्या सकाळी गिरजामायनं त्याच्या कपाळाला भंडारा फासला आणि अंगणात जाहीर केलं, की मी याला खंडोबाच्या नावानं सोडला आहे, माझा नवस आहे. नवसाचं जनावर विकायचं कसं? नामदेवराव धुसफुसले, पण देवापुढे काय बोलणार! व्यापारी दुसऱ्या नंबरचा नर घेऊन गेला. मी गेलो तेव्हा ती पदरात तोंड घालून हसत होती. "कायचा नवस न् कायचं काय! आलं तोंडाले, बोलून देल्लं."

त्या काळ्यानं दोन वर्षांत कळप पालटला. कोकरं जन्मतःच उभी राहायची, पाठी भरलेल्या, वजन लवकर धरायची. नामदेवराव पारावर बसून "आमचा एडका" म्हणू लागले. मला वाटलं, चला, एका तरी घरात अक्कल शिरली.

पण एडक्याच्या लेकी वयात आल्या, आणि माझ्या डोक्याचा ताप पुन्हा सुरू झाला. बाप लेकींमध्ये ठेवला की वाण बिघडणारच. मी सिंदीकडचा एक मेंढपाळ शोधून काढला. त्याच्याकडे चांगला, परक्या रक्ताचा एडका होता आणि तो अदलाबदलीला तयार होता. आनंदानं गिरजामायला सांगायला गेलो.

"देवाचा एडका कोनाले देता येते काय?" ती म्हणाली.

"माय, अगं तो नवस तूच बनवला होतास ना?"

"बनवला मीच. पन आयकला तं त्यानं!"

मी चिडलो, ओरडलो, चहा न पिता उठलो. त्या हंगामात एक कोकरू वाकड्या जबड्याचं जन्मलं. त्याला आईचं दूध ओढता येईना. गिरजामाय त्याला बोटानं दूध पाजत बसायची आणि माझ्याकडे बघायची नाही. दुसरी काही कोकरं तर उभीच राहिली नाहीत. मला तिची कीव यायची आणि तिचा रागही यायचा, दोन्ही एकदमच.

शेवटी तोंड उघडलं ते नामदेवरावांनी. म्हणाले, नवस बोलून एवढा काळ झाला, देव कळपावर कोपला आहे. या जत्रेला नवस फेडून टाकू.

मी धावत गेलो. गिरजामाय काळ्यासमोर पाला टाकत होती. मी म्हटलं, "माय, आता तरी सांग सगळ्यांना, नवस खोटा होता म्हणून. जीव वाचेल त्याचा. सिंदीला मजेत राहील."

तिनं उरलेला पाला त्याच्यापुढे सारला आणि म्हणाली, "खोटा व्हता म्हनून सांगतलं, तं पुढच्या खेपेले मी कोनाचं नाव घेऊ? माह्या बोलन्यानं तं या घरात एक कोकरू थांबत नाई. देवाच्या नावानं थांबते."

जत्रेला तो गेला. गावानं मटण खाल्लं. गिरजामायच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही, आणि मी दारात गेलो तर म्हणाली, "सिंदीवाल्याचं एखांदं चांगलं कोकरू आनजो. बदल्यात दोन माद्या देतो म्हनाव." मी कोकरू आणलं. अंगणात टेकवायच्या आत तिनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला.

मला हवं होतं तेच झालं होतं: वेळेवर नवा एडका, परकं रक्त. पण ते असं व्हावं याची चीड माझ्या मनातून आजही जात नाही. ज्या घरात तिची बोटं कोकरांना जगवत होती, तिथं तिच्या शब्दाला किंमत यायला देवाची हमी लागत होती. आणि त्या हमीपोटी जीव जायचा, तोही सगळ्यात चांगल्याचा.

गेल्या हिवाळ्यात गिरजामाय गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मी महिन्याभरानं लसीकरणाला गेलो, तर सिंदीच्या एडक्याच्या गळ्यात व्यापाऱ्याचा दोर. ऐन उमेदीतला एडका, अजून एकही लेक वयात आलेली नाही. कोपऱ्यात एक किडकिडीत नर उभा होता. तोच आता कळपाला राहणार, हे मला न सांगता कळलं.

"नामदेवराव, हा नवसाचा आहे ना?"

"वैनीचा नवस व्हता. वैनी गेली, सरला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याच्यावर माझाही नवस आहे."

"तुमचा?" नामदेवराव डोळे बारीक करून बघू लागले. "कायचा?"

"बायकोच्या गुडघ्यांचा," मी म्हटलं. माझी बायको रोज टेकडी चढून येते, गुडघे ठणठणीत.

खरं-खोटं नामदेवरावांना कळलं असेल, नसेल. मग त्यांनी व्यापाऱ्याला हातानं थांबवलं आणि स्वतः एडक्याच्या गळ्यातला दोर सोडला.

"फेडाले तुमालेच या लागन, डाक्टर," ते म्हणाले. "अन् कापतानी त्याची मान बी तुमालेच धरा लागन."

"येईन," मी म्हणालो.