दगडावरचं विदाचं नाव

तिसा नदीच्या काठच्या आमच्या गावात कुणाला झोप उडवून घ्यायची हौस आली, तर तो वाचनालयातल्या विदामावशीकडे जायचा. विदोसावा तिचं पूर्ण नाव, पण ते फक्त पगाराच्या पावतीवर. तीस वर्षं तिनं वाचनालयात काढली, निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून तीन सकाळी ती तिथे बसायचीच, आणि खिडकीजवळचं एक कपाट तर तिच्याच नावानं ओळखलं जायचं. त्या कपाटात नुसत्या थरारक कादंबऱ्या. पोलीस आणि पिस्तुलं असलेल्या नव्हेत, त्यांना ती "पोरांच्या गोष्टी" म्हणायची. तिच्या कपाटातले गुन्हे जेवणाच्या टेबलावर घडायचे. नवरा-बायको, सासू-सून, सख्ख्या बहिणी. वरून सगळं गोडगोड आणि आत कुजलेलं काहीतरी.

पुस्तक सुचवायची तिची एक रीत होती. वाचकाला आधी ती विचारायची, "घरी कोणकोण असतं?" मग थोडा विचार करून पुस्तक काढायची. "हे घे. पहिली शंभर पानं नवरा देवमाणूस आहे. शंभराव्या पानावर दार आतून लावून घे." किंवा, "यात रक्ताचा थेंब नाही, म्हणून जास्त भीती वाटेल." शेवट मात्र तिनं कधी कुणाला सांगितला नाही.

औषधाच्या दुकानातली मिलिंका तिची लाडकी वाचक. ती पुस्तक परत करताना एकदा म्हणाली, "मावशी, तुमच्या पुस्तकातले नवरे किती बारकाईनं छळतात हो! आमच्या मेल्याला ते तरी कुठे जमतंय? त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

"देवाचे आभार मान बाई," विदा म्हणाली.

वाचनालयात सगळे हसले. विदाही हसली. तिचा स्वतःचा नवरा स्वेतोझार म्हणजे गावाचे भूगोलाचे गुरुजी. अर्ध्या गावाला त्यांनी नद्या पाठ करायला लावल्या होत्या. मधमाश्या पाळायचे, नाताळला शेजारीपाजारी मधाच्या बरण्या वाटायचे, बायकोचा कोट स्वतः धरून तिला घालायचे. आणि मग हळूच, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळूच म्हणायचे, "विदा, किल्ल्या घेतल्यास ना? पुन्हा बघ गं." लोकांना त्या माणसाच्या धीराचं फार कौतुक. बायको विसरभोळी, तरी एक शब्द मोठ्यानं बोलत नाही, म्हणायचे.

विदा विसरभोळी होती हे गावात सूर्य उगवतो इतकं पक्कं होतं. चष्मा पावाच्या डब्यात सापडायचा. लाइटचं बिल भरायला पिशवीत ठेवलं म्हणायची आणि ते टेबलाखाली पडलेलं असायचं. चूल विझवून बाजारात गेली की परत येईतो ती पेटलेली. तिची आई शेवटची वर्षं वेड्यांच्या इस्पितळात होती, तिथेच गेली. गुरुजी कधी तेवढंच म्हणायचे, "आईच्या वळणावर जातेयस का गं?" आणि तिच्या केसांवरून हात फिरवायचे. त्या हाताची तिला किती भीती वाटायची ते तिलाच माहीत. तरुण वयातच ती स्वतःवर पाळत ठेवायला शिकली. घराबाहेर पडताना तीनदा मागे फिरून चूल बघायची. पुस्तकं मात्र तिला शब्दन् शब्द आठवायची, पानांसकट. याचं कुणाला कधी नवल वाटलं नाही. खुद्द तिलाही नाही.

ते नवल तिला वाटलं ते साठीच्या जवळ आल्यावर. वाचनालयात नव्या पुस्तकांचं खोकं आलं होतं. त्यातल्या एका कादंबरीत कुठल्याशा बंदरातला एक नवरा होता. तो बायकोच्या वस्तू रोज थोड्याथोड्या हलवायचा आणि तिला शोधायला मदत करायचा. विदा उभ्याउभ्या वाचत होती, ती खुर्चीत बसली. पुढे वाचवेना आणि मिटवेनाही. त्या दिवशी ती घरी जायची वाट सोडून नदीच्या बांधावर बसून राहिली.

मग तिनं परीक्षा घेतली. दुपारी आडवं होण्याआधी चष्मा कोटाच्या खिशात ठेवला आणि वर रुमाल दाबला. उठल्यावर चष्मा पावाच्या डब्यात. गुरुजी दारात उभे. "विदा, पुन्हा?" त्यांच्या डोळ्यांत काळजी होती, अगदी खरी वाटावी अशी. तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडली असती तर गाव काय म्हणालं असतं? बिचाऱ्या गुरुजींवर आता आळ घ्यायला लागली, म्हणालं असतं. तिनं चष्मा पुसला आणि कॉफी ठेवली. कुणाला ही भित्री गोष्ट वाटेल. वाटू दे. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं वय तिचं उरलं नव्हतं. त्या दिवसापासून तिनं फक्त ते कपाट भरायला सुरुवात केली. ज्या बाईच्या डोळ्यांखाली तिला काही दिसे, तिच्या हातात ती नेमकं पुस्तक ठेवायची.

गुरुजी मागल्या वर्षी मधमाश्यांच्या पेट्यांपाशी पडले आणि गेले. विदा शवपेटीपाशी इतकी रडली की बायका म्हणाल्या, प्रेम असावं तर असं. ती सुटकेनं रडत होती, आणि सुटका वाटतेय म्हणून आणखी रडत होती.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे जोडप्यातलं एक गेलं की थडग्याच्या दगडावर दोघांचीही नावं कोरतात. मागे राहिलेल्याचं जन्मसाल, पुढे एक रेघ, आणि रेघेपुढे रिकामी जागा. बायका स्वतःच्या नावापाशी मेणबत्ती लावतात, ओला फडका घेऊन दगडावर कोरलेला स्वतःचा चेहरा पुसतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. गुरुजींनी तर दगड जिवंतपणीच सांगून ठेवला होता. काळा ग्रॅनाइट, दोघांचे कोरलेले चेहरे. तिचा फोटोही त्यांनीच निवडला होता: मान त्यांच्याकडे कललेली, नजर खाली. दगड उभा राहिला, आणि विदानं पहिल्यांदा स्वतःला त्यांच्याशेजारी पाहिलं. रेघ तिची वाट बघत होती. जन्मभर एका घरात दिवस काढले ते काढले, पण मेल्यावर कायमचं त्या माणसाशेजारी? तिथे तर उठून चूल बघायलाही जाता यायचं नाही.

वर्षश्राद्धाला दोन आठवडे होते. ती पाथरवटाकडे गेली. लायोश म्हातारा, हंगेरियन, गावातली निम्मी थडगी त्याच्या हातची.

"लायोशभाऊ, माझं नाव काढायचंय. चेहराही."

त्यानं टोपी मागे सारली. "बाई, माणसं माझ्याकडे नाव घालायला येतात. काढायला अजून कुणी आलं नाही. का, म्हणजे मरायचं रद्द केलंत की काय?"

"मरेन की. तिथे नाही."

त्याचं हसू गेलं. तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, आणि ती नजर विदाला ओळखीची होती. "दगड घासता येईल," तो म्हणाला, "पण जागा चेदाच्या नावावर आहे. त्याचा होकार लागेल. मी त्याला फोन करतो, तुम्ही नका त्रास घेऊ."

चेदा म्हणजे चेदोमिर, तिचा एकुलता मुलगा. नोव्ही साद शहरात इंजिनिअर, घटस्फोट झालेला, आईला रोज फोन करणारा. रविवारी तो आला तो फुलं घेऊन. विदानं शेवया घातलेलं कोंबडीचं सूप केलं होतं, भरल्या मिरच्या केल्या होत्या. सुपाची पहिली वाटी संपेपर्यंत तो हवापाण्याचं बोलला. मग चमचा खाली ठेवून म्हणाला, "आई, उद्या आपण एका डॉक्टरांकडे जाऊ. मी वेळ घेतलीय. नुसतं दाखवून येऊ. आजकाल गोळ्या चांगल्या निघाल्यात."

विदाला कळलं. एक माणूस मातीत जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याचं काम चालूच होतं. आता ही गप्प बसली तर दगडावर नाव राहील. बोलली तर वेडी ठरेल, आणि नाव तरीही राहील. मुलाच्या एका होकारावर तिचं सगळं अडलं होतं.

तिनं बोलायचं ठरवलं.

"माझं डोकं ठिकाणावर आहे, चेदा. कधी बिघडलंच नव्हतं. तुझे बाबा माझ्या वस्तू लपवायचे."

"आई..."

"ऐक. बंद केलेली चूल तेच पेटवायचे. बिलं तेच काढून ठेवायचे. एका कादंबरीत असंच वाचलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं."

"कादंबरीत!" चेदानं कपाळाला हात लावला. "तीच तर भीती होती मला. आई, जन्मभर तू ती भयंकर पुस्तकं वाचतेस, गावाला वाचायला लावतेस. त्यातलं घरात दिसायला लागलं तुला. बाबा असं कशाला करतील? माशीला मारायचे नाहीत ते."

"माशीला नाही मारलं. खरंय."

"मग पुरावा काय?"

"मी खिशात ठेवलेला चष्मा पावाच्या डब्यात गेला. मी मुद्दाम ठेवला होता."

"आई, तुझा चष्मा नेहमीच कुठेतरी जायचा. कधी पावाच्या डब्यात, कधी पिठात..."

तो बोलता बोलता थांबला. विदा त्याच्याकडे बघत होती.

"पिठात?" ती म्हणाली. "पिठात माझा चष्मा एकदाच गेला. तू दुसरीत होतास. मला सापडला तेव्हा घरात कुणी नव्हतं. मी तो धुतला आणि कुणाला सांगितलं नाही. मला लाज वाटली होती. पिठाचं तुला काय माहीत?"

चेदाचा चेहरा सुपातल्या शेवयांसारखा पांढरा पडला. तो ताटलीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. शहाण्यासुरत्या, टक्कल पडलेल्या त्या माणसाचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"मी ठेवला होता," तो म्हणाला. "बाबा म्हणाले, आईची गंमत करू. आमचं दोघांचं गुपित. मी ठेवायचो आणि आम्ही बागेतल्या पेट्यांमागून खिडकीतून बघायचो, तू कशी शोधतेस ते. मग तू रडलीस एकदा. मला हसू येईना. बाबा म्हणाले, सांगितलंस तर आईला आजीसारखं इस्पितळात नेतील, आणि ते तुझ्यामुळे." त्यानं तोंड झाकलं. "आई, मी आठ वर्षांचा होतो."

जन्मभराची सवय अशी की मूल रडलं की विदाचा हात आपोआप पुढे जायचा. तो आत्ताही गेला, अर्ध्यात आला, आणि तिनं तो मागे घेतला. तिला त्याची दया येत होती. आणि तिला त्याचा इतका राग येत होता की टेबलाची कड धरावी लागली.

"आठ वर्षांचा होतास तेव्हा," ती म्हणाली. "आणि उद्याची डॉक्टरची वेळ कुणी घेतली? तीही आठ वर्षांच्या पोरानं?"

चेदा म्हणाला, "मी स्वतःला पटवलं होतं. की ती एकदोनदाच केलेली गंमत, आणि बाकीचं तू खरंच विसरतेस. तसं नसतं, तर मग बाबा कोण होते? आणि मी कोण? माफ कर मला."

"आज नाही," विदा म्हणाली. "करीन बहुतेक, आई आहे मी. पण आज नाही. आधी लायोशला फोन लाव."

तो फोन घेऊन अंगणात गेला. घरात बसून बोलवेना त्याला. विदा टेबलापाशीच राहिली. उकाड्यामुळे खिडकी उघडी होती, आणि पलीकडच्या अंगणात शेजारीण चेरीच्या बिया काढत बसली होती, भांड्यात बिया पडायचा आवाज येत होता.

"लायोशकाका, नाव काढा," चेदा सांगत होता. "हो, चेहराही. हो, वर्षश्राद्धाच्या आधी." मग पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं असावं, कारण तो नुसता पाय बदलत उभा होता. "नाही काका. नाही. तिला काही झालेलं नाही. डॉक्टरबिक्टर काही नाही. आईचं डोकं ठीक आहे."

शेजारच्या अंगणात बियांचा आवाज थांबला.

विदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चाळीस वर्षांत हे वाक्य कुणी तिच्या अंगणात उच्चारलं नव्हतं. ती उठली, खिशातल्या रुमालानं तोंड पुसलं, आणि खिडकीतून बाहेर वाकली.

"चेदा," ती म्हणाली, "काकांना कमी ऐकू येतं. पुन्हा सांग. मोठ्यानं."