आठ दिवसांच्या बोलीवर आलेला कंप्युटर

आमच्या घरी आलेल्या कंप्युटरमध्ये कोणी राहत नाही, हे मला आठव्या दिवशी कळलं. तोवर मी त्याला दोनदा सलाम केला होता.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढची फजिती नीट समजेल. मी करीम, पोंभुर्ण्यात घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करणारा. वीस वर्षं हेच केलं. बंद पडलेला रेडिओ कानाशी धरला की कुठला पार्ट गेला ते मी न उघडता सांगायचो, आणि सांगताना आजूबाजूला चार माणसं ऐकत आहेत ना, हेही बघून घ्यायचो. मशीन कोणतंही असो, करीमभाऊला विचारा, असं गावात म्हणायचे. (सगळे नाही. पण मी सगळे धरून चालायचो.)

आमच्या घरात माणसं तीन. मी, माझी बायको जैबुन आणि मुलगी नसरीन. गावात मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. नसरीन त्या वर्षी चांगल्या मार्कांनी बारावी झाली आणि तिनं चंद्रपूरला कंप्युटरच्या क्लासला जायचं काढलं. मी नाही म्हणालो. रोज जंगलातून जाणारी बस, परतायला अंधार, बस अर्ध्या रस्त्यात बिघडली तर काय, अशी मी कारणं दिली. नसरीन भांडली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "मग कंप्युटर इथी आणा. मी शिकतो आणि गावच्या पोरींले शिकवतो." तिकडे चामोर्शीला माझी मोठी बहीण स्थळ घेऊन तयारच बसली होती. तिला मी कळवलं होतं की पोरगी काही शिकत असली तर थांबू, नसली तर पावसाळ्याआधी उरकून टाकू. म्हणजे कंप्युटर आला तर पोरगी घरात, नाही तर सासरी. इतका साधा हिशेब होता.

चंद्रपूरचा दुकानदार जीपमधून खोके घेऊन आला. माणूस सरळ होता. म्हणाला, मॉडेल नवं आहे, पहिलाच लॉट आहे, एकदोन मशिनींच्या तक्रारी आल्या आहेत. दुसरा लॉट दिवाळीनंतर येईल, तोवर थांबायचं तर थांबा. नाही तर हे आठ दिवस वापरून बघा, पटलं नाही तर पुढच्या गुरुवारी मी उचलून नेतो. बहिणीचं स्थळ काही दिवाळीपर्यंत थांबणार नव्हतं. मी छाती ठोकून सांगितलं की मशिनीची खोड मी तासाभरात ओळखतो, ठेवा इथं.

पहिल्याच दिवशी, कोणी हात लावला नसताना, कंप्युटरनं सीडीचा ट्रे बाहेर काढला. जीभ काढावी तसा. मी तो आत ढकलला. त्यानं पुन्हा काढला. तिसऱ्यांदा मी ढकलला नाही, उगाच कोणाशी वाद कशाला घालायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. दोन तासांनी आली तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात जेवत होतो. बाहेरच्या खोलीतून घरघर ऐकू आली. जाऊन बघतो तर कंप्युटर आपला आपण सुरू झालेला, पडदा हिरवट उजळलेला, समोरची खुर्ची रिकामी. जैबुननं मला विचारलं, हा कोणाची वाट पाहून राह्यला? मी म्हणालो, नव्या मशिनीत असं असतं. माझा घास मात्र हातातच राहिला होता.

तिसऱ्या दिवशी नसरीन शाळेत दाखला आणायला गेलेली, जैबुन अंगणात. कंप्युटर मी स्वतः बंद केलेला. मी शेजारी बसून एक घड्याळ उघडलं होतं. खोलीत एकदम आवाज आला, नाकातला, विहिरीच्या तळातून यावा तसा.

"मेली का?"

मी मान वर केली नाही. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "मग पुरून टाका." पुन्हा शांतता. "कोणाले सांगू नका. मी सांगतो साहेबाले."

कंप्युटर काळाठिक्कर, फक्त त्याच्या दोन स्पीकरांपैकी एकावरचा लाल दिवा माझ्याकडे बघत होता. मी उठलो, सलाम केला आणि उलट्या पावलांनी बाहेर आलो. घड्याळाचा एक स्क्रू त्या गडबडीत हरवला तो आजपर्यंत सापडला नाही.

मी कोणालाच काही बोललो नाही. मेकॅनिक माणसानं काय सांगायचं? पण चौथ्या दिवशी भर दुपारी जैबुन झाडू हातात घेऊन पांढरीफटक होऊन आली. तिनं ऐकलं ते असं. आधी त्यानं विचारलं, घरात किती जण आहेत. मग थांबला, कोणी उत्तर देत असावं तसा. मग म्हणाला, "तिघंच? बरं. संध्याकाळी येतो."

आम्ही तिघंच होतो! आणि उत्तर देणारं घरात कोणी नव्हतं. बोलणाऱ्याचं मला भय नव्हतं तेवढं त्या मधल्या शांततेचं होतं. तो ज्याच्याशी बोलत होता ते कोण, आणि आपल्याकडे कुठून बघत होतं? त्या संध्याकाळी आम्ही दोघं दाराला कडी लावून, काही झालंच नाही असे चेहरे करून बसलो. कोणी आलं नाही. नसरीन मात्र निवांत कंप्युटरसमोर बसून पुस्तकात बघून एकेक बटण दाबत होती. ती असली की तो बोलायचा नाही, त्यामुळे आम्हाला आणखीच धास्ती.

गुरुवार उजाडायच्या आत जैबुननं उपाय केला. लोबान पेटवून धूपदाणी कंप्युटरभोवती फिरवली. मी मागच्या बाजूला वायरींजवळ उभा होतो. सकाळपासून गेलेली लाइट त्याच क्षणी आली, तो आपला आपण घरघरला, पुढून सगळा धूर आत ओढला आणि मागून माझ्या तोंडावर सोडला. लांब, संथ, बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. मी दुसरा सलाम तेव्हा केला. (पंखा आहे, तो धूर ओढणारच, हे मला आता माहीत आहे. तेव्हा माझी बोबडी वळली होती.)

नसरीनला मी सांगितलं की मशीन परत जाणार, हार्डवेअरचा फॉल्ट आहे. हा शब्द मी दुकानदाराकडून नुकताच शिकलो होतो. तिनं विचारलं, कोणता फॉल्ट? मी म्हणालो, आतला. थोड्या वेळानं बघतो तर पडद्यावर तिनं मोठ्या अक्षरांत पाटी तयार केलेली, 'नसरीन कंप्युटर क्लास', खाली पोरींसाठी वेळ दुपारचा. माझं काळीज हललं. पण भीती त्या पाटीपेक्षा मोठी होती, हे मी आज कबूल करतो.

गुरुवारी सकाळी तिनं मला अडवलं. "अब्बा, खरं सांगा. काय झालं?"

मग सगळं सांगितलं. मेलेलीपासून तिघांपर्यंत. बोलणं संपवताना तो आवाज दर वेळी काही म्हणतो का, असं तिनं विचारलं. मी आठवून म्हणालो, हो, नाकात काहीतरी म्हणतो, 'ओव्हर' की काय. तिनं माझ्याकडे बघितलं. तसं कधी कोणाच्या पोरीनं बापाकडे बघू नये. मग पायात चपला सरकवल्या आणि मागच्या दारानं निघून गेली. मला वाटलं, मैत्रिणीकडे रडायला गेली.

तेवढ्यात दुकानदार आला. मशीन परत भरायला मी खोके उघडलं, कीबोर्ड काढला, माउस काढला आणि स्पीकरच्या वायरीला हात घातला.

"करीमभाऊ."

दुकानदार खाली बसला. कंप्युटरला माझं नाव माहीत होतं.

"करीमभाऊ, मी मडावी बोलून राह्यलो, फॉरेस्टच्या वायरलेसवरून. तुमची पोरगी इथी माझ्याजवळ उभी आहे. म्हणते, अब्बाले सांगा, कंप्युटर वापस पाठवू नका. ओव्हर."

आमच्या घरामागच्या भिंतीपलीकडे फॉरेस्टचं ऑफिस आहे, हे मी तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तेव्हा मलाही आठवलं नव्हतं. त्याच महिन्यात तिथं नवा उंच एरियल उभा राहिला होता. तो उभारताना मी खाली उभं राहून, कसा उभारावा याचा सल्लाही दिला होता. मडावी तिथला ऑपरेटर, माझा जुना दोस्त. त्याचं बोलणं कंप्युटरच्या हलक्या स्पीकरात शिरत होतं आणि लांबच्या नाक्यावरून येणारं उत्तर शिरत नव्हतं. मेली ती नाल्यातली चितळाची मादी, आणि घरातले तिघं म्हणजे सागवान चोरणारे.

मी स्पीकरकडे तोंड करून म्हणालो, "बरं." मग नियम आठवून, "ओव्हर." दुकानदार माझ्याकडे बघत होता.

स्पीकर पुन्हा बोलायला लागला, पण आता माझ्याशी नाही. जंगलातल्या सगळ्या नाक्यांवर मडावीचा निरोप ऐकू गेला होता. "हो, घड्याळवाले करीमभाऊच." शांतता. "नाई, भूत नाई. त्याहिले तसं वाटलं." शांतता. "हो, हो, रेडिओ तेच दुरुस्त करते." मग जरा लांब शांतता. "आता हसू नका. ओव्हर."

नसरीन धापा टाकत आली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. म्हणाली, "अब्बा, फॉल्ट होता तर मी दिवाळीपर्यंत थांबलो असतो. पण चामोर्शीची फुफी थांबणार नाई, हे तुम्हाले मालूम होतं. तरी तुम्ही खोके उघडलं." पोरीला जंगलातल्या बसचं भय घालणारा मी, आणि तिचं अख्खं शिक्षण एका लाल दिव्याला घाबरून खोक्यात भरत होतो. मी कीबोर्ड उचलून पुन्हा तिच्यासमोर ठेवला आणि दुकानदाराला सांगितलं, मशीन इथंच राहणार.

दुकानदारानं खिशातून तक्रारवही काढली. पहिल्या लॉटचे दोष कंपनीला कळवायचे असतात म्हणे. ट्रेचं त्यानं लिहून घेतलं, आपोआप सुरू होण्याचंही लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "आणि हे आवाजाचं? फॉल्ट कशात लिहू, करीमभाऊ?"

"मेकॅनिकात लिहा," मी म्हणालो.