कापलेली वेणी

मुलीचा श्वास थांबला. डॉक्टरांनी रबरी फुगा तिच्या तोंडावर दाबला आणि मला म्हणाले, "मावशी, मान धरा." मी धरली. सहा-सात वर्षांची पोर. अंग घामानं निथळत होतं. सिस्टर पायानं यंत्र दाबून तोंडातला फेस ओढत होत्या, तो परत भरत होता.

मी तेव्हा मिरजेच्या एका दवाखान्यात तातडीच्या विभागात आया होते. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. शिक्षण चौथीपर्यंत, काम झाडलोट आणि धरपकड. आजारी पोर हातपाय झाडतं, ते धरायला माझ्यासारखं माणूस लागतं.

ही मुलगी इस्लामपूरकडची. आई आणि आजी जीपमधून घेऊन आल्या तेव्हा तिला झटके येत होते. आजी म्हणाली, "फिट आली." डॉक्टरांनी डोळे उघडून बघितले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"फवारणीचं औषध प्यायली का?"

"आवं न्हाई," आई म्हणाली. "डबा माळ्यावर असतोय. तिचा हात तरी पुरतोय का?"

डॉक्टरांनी तरी नळी घालून पोट धुतलं. पोटातून भाकरी आली, औषधाचा वास नाही. तरीही त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, आणि तेच बरोबर होतं. फेस कमी झाला, श्वास सुधारला. अर्ध्या तासात परत सगळं पहिल्यासारखं. परत इंजेक्शन, परत तेच. आणि मग श्वासच थांबला.

मान धरायला वाकले तेव्हा तिच्या केसांचा वास नाकात गेला. तो मला ती आली तेव्हाच आला होता. मला वाटलं रॉकेल असेल, आमच्यात उवांना तेच लावायचे. पण रॉकेलला लसणासारखा वास नसतो. मी आईकडं मान वळवली.

"डोक्याला काय लावलंस गं?"

तिनं आजीकडं बघितलं. आजीच बोलली, "लगीन हाय घरात. उवा लय झाल्या व्हत्या. वांग्यावर मारायचं औषध तेलात घालून चिंधीनं लावलं. प्यायला कुठं दिलंय?"

डॉक्टर फुगा दाबता दाबता ओरडले, "कातडीतूनही भिनतं ते! मावशी, केस!"

मी पट्ट्या कापायची कात्री घेतली आणि वेणी मुळापासून कापली. आजीनं माझा दंड धरला.

"जित्या पोरीचं डोकं भादरतीस व्हय? हात झडंल तुझा!"

"जिती ऱ्हावी म्हणूनच भादरतीया. सर बाजूला. न्हाईतर पाणी आण."

ती सरली नाही, पण आई धावली. बादलीभर पाणी घेऊन आली. मी पोरीच्या अंगावरचा झगा काढला, उरलेले केस वस्तऱ्यानं उतरवले. साबण लावून डोकं, मान, कानामागं, पाठ, तीनदा धुतलं. पाण्यावर तेलाचा तवंग येत होता तोवर धूतच राहिले. रबरी हातमोजे ऑपरेशनला लागायचे, आयाला कोण देणार? उघड्या हातांनी धुतलं.

डॉक्टर दर थोड्या वेळानं इंजेक्शन देत होते. या वेळी फेस परतला नाही. तोंड कोरडं पडलं, चेहरा लाल झाला. डॉक्टर म्हणाले, "आता लागू पडलं." फुगा बाजूला केला तेव्हा तिची छाती आपली आपण हलली. आजी भिंतीला टेकून बसली होती, कापलेली वेणी पदरात घेऊन. ती पण मी काढून घेतली आणि जाळायला दिली.

"वास आला होता तर आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही तोंडाचं विचारलंत. डोक्याचं कुणी विचारलं?" म्हणाले मी, पण चूक माझी होती. आयानं निदान सांगायचं नसतं असं मला वाटायचं. त्या दिवसापासून मी सांगू लागले. कुणाला राग आला तर येऊ दे.

तासाभरानं माझ्याच पोटात कळ आली. समोरचं अंधुक दिसायला लागलं, घाम सुटला. डॉक्टरांनी माझे डोळे बघितले आणि दुसऱ्या खाटेकडं बोट केलं. तेच इंजेक्शन मलाही दिलं.

संध्याकाळी पोरगी पाणी मागून रडली. चौथ्या दिवशी चालत घरी गेली. मी तिसऱ्या दिवशी कामावर आले.