लॉइडने दाखवलेली चूक

लॉइड पिकेट विक्रीआधी घर तपासायला आला की विकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळायचं. मी ओहायोत घरं विकते. वीस वर्षं त्याच्यामागून तळघरं उतरले आहे. विजेच्या पॅनेलला तो आधी हाताची मागची बाजू लावायचा, मग स्क्रू काढायचा, आणि आतला गुंता बघून त्याला असा काही आनंद व्हायचा की मला किळस यायची. "हे कुणी केलंय? आंधळ्याने?" घरमालक शेजारी उभा असताना विचारायचा. तरी मी त्यालाच बोलवायचे. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे.

एमिल कोवाचकडे त्याला बोलावलं ते एमिलच्या मुलीने, डॉनाने. म्हातारा त्र्याऐंशीचा, एकटा राहणारा, हल्ली विसरायला लागलेला. डॉनाला त्याला वृद्धाश्रमात ठेवून माझ्यामार्फत घर विकायचं होतं. तो हटून बसला होता. जन्मभर इलेक्ट्रिशियनचं काम केलेला माणूस, शेवटी चिडून म्हणाला, "माझ्या पॅनेलमध्ये एक चूक दाखवा. उद्या बॅग भरतो."

लॉइड तरुणपणी त्याच्याच हाताखाली शिकला होता. "तुझ्या हातात स्क्रूड्रायव्हर नको, झाडू शोभेल," असं चार माणसांत ऐकवून एमिलने त्याला हाकललं होतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

तळघरात आम्ही चौघं. लॉइडने झाकण काढलं, टॉर्च मारला आणि एका वायरीवर रोखून धरला.

"काय रे, जीभ गिळलीस?" एमिल हसला.

"उस्ताद, हा तीस अँपियरचा ब्रेकर. त्याला ही एवढी बारीक वायर. बघा, भाजून तपकिरी झालीय. ब्रेकर पडून वीज तुटायच्या आधी घर पेटलं असतं."

एमिलने चष्मा लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"ही मी लावली?"

"घर तुमचं. दुसरं कोण लावणार?"

"बाबा, मी कधीची सांगतेय," डॉना म्हणाली.

"मला आठवत नाही गं. पण असलं काम माझ्या हातून झालं असेल, तर मी एकटा राहायच्या लायकीचा नाही." भिंतीला धरून तो जिना चढला. वर कपाट उघडल्याचा आवाज आला.

गाडीत बसल्यावर लॉइडला हसू आवरेना. "ती भाजलेली वायर माळ्यावरच्या हीटरची, मीच लावलेली. त्याच्याकडे शिकत होतो, म्हाताऱ्याचा पाय मोडला होता तेव्हा मी एकट्याने ओढली. त्याने कधी उघडून बघितलंच नाही. विश्वास टाकला होता ना माझ्यावर."

"मग जा, सांग त्याला."

"तू जा की. घर तर तूच विकणार आहेस."

मला स्वतःची लाज वाटली. गाडी मात्र मी सुरू केली. घर महिन्याभरात गेलं.

डॉना सांगते, आश्रमात एमिल दिव्याच्या बटणालाही हात लावत नाही. नर्स येईपर्यंत अंधारात बसून राहतो.